क्रांती कंडक्टरच्या गाडीचा कॅम

क्रांती खोतचा आवाज अख्ख्या आगाराला माहीत होता. कोल्हापूर-गगनबावडा गाडीवर तिची ड्युटी असली की मागच्या बाकावर घोरत पडलेल्या माणसालाही आपला थांबा चुकायची भीती नसायची. "पावणं, आत सरका की! दारात काय तोरण बांधायला उभारलाय?" अशी ती एकदा कडाडली की दारातली गर्दी आपोआप आत ढकलली जायची. नव्या माणसाला वाटायचं, बाई भलतीच तापट दिसते. पण तो तिचा राग नव्हता, ते तिचं साधं बोलणं होतं. खरा राग आला की क्रांतीचा आवाज खाली जायचा. इतका खाली की समोरच्याला कान पुढं करावा लागायचा. आणि एकदा कान पुढं केला की त्याची खैर नसायची.

चाळिशीच्या उंबऱ्यावर तिनं मोटारसायकल घेतली. चांगली दणकट, लांब पल्ल्याची, दोन्ही बाजूंना पेट्या लावायची सोय असलेली. एकाच सिलिंडरची, पण जड. घरात सगळ्यांनी डोक्याला हात लावला. सासू म्हणाली, स्कुटी घे की. क्रांती म्हणाली, "निम्मं आयुष्य दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत उभं राहून गेलं माझं. आता हँडल माझ्या हातात पायजे." नवरा बाळासो एका दूध संस्थेत सुपरवायझर होता. तरुणपणी तालमीत घुमलेला, अंगानं आडवा, मनानं तसा वाईट नव्हता. त्यानं विरोध केला नाही. उलट चहाच्या टपरीवर मित्रांना तो सांगायचा, "आमची मंडळी घाटात भल्याभल्यांना मागं टाकतीया." मात्र तिच्या मागं तो कधी बसला नाही. बायकोच्या मागं बसून गावातून जायचं, हे त्याच्या मिशीला झेपण्यासारखं नव्हतं.

मागं बसायची ती आक्का. क्रांतीची थोरली बहीण, हुपरीला दिलेली. नवरा लवकर गेला, पण घरातलं चांदीचं काम आक्कानं सोडलं नाही. पैंजणाला बारीक घुंगरू लावून त्यांना वितळलेल्या धातूचा डाख द्यायचा, हे तिचं काम. मनगट असं अलगद फिरायचं की बघणाऱ्याला वाटायचं, हिला हाडंच नाहीत. आक्का देहानं भरलेली होती आणि जन्मात हुपरी-कोल्हापूरपलीकडं गेली नव्हती. पहिल्यांदा क्रांतीनं तिला गाडीवर बसवून मालवणला नेलं, तेव्हा समुद्र बघून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "एवढं पाणी हाय आणि आमच्या नळाला येत न्हाय." त्यानंतर दोघी बहिणी हंपीला जाऊन आल्या, गोकर्णला जाऊन आल्या. सुट्टी जमली की निघायचं. पेटीत आक्काचं सामान असायचं आणि त्यात लोणच्याची बरणी ठरलेली.

गाडीतून टकटक आवाज यायला लागला तो दिवाळीच्या आसपास. इंजिनाच्या डोक्यातून, घड्याळासारखा, पण घड्याळापेक्षा घाईचा. क्रांती गाडी घेऊन उद्यमनगरच्या कोपऱ्यावरच्या ऋतुराजच्या दुकानात गेली. ऋतुराज तिशीतला, पुण्यात काम शिकून आलेला, काचेचं दुकान थाटून बसलेला. मोठ्या गाड्यांचं काम म्हटलं की लोक त्याचंच नाव घ्यायचे. काम त्याला येत होतं, यात शंका नव्हती. त्यानं इंजिनाचं हेड उघडलं आणि कॅम काढून क्रांतीच्या हातावर ठेवला.

कॅम म्हणजे वीतभर लांबीचा एक दांडा. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे फुगवटे. दांडा फिरला की हे फुगवटे व्हॉल्व्ह दाबून उघडतात; एक हवा-पेट्रोल आत घ्यायला, दुसरा धूर बाहेर टाकायला. तिच्या कॅमच्या एका फुगवट्याचं टोक खरवडून गेलं होतं. चांदीवर ओरखडा पडावा तसं.

"हा संपला," ऋतुराज म्हणाला. "बदलायचाच हाय तर वहिनी, आता तसलाच कशाला टाकताय? परफॉर्मन्सचा टाकू की. गाडी उडंल."

"उडवायची न्हाय मला. उडाली तर मागं आक्का बसल्याली असती," क्रांती म्हणाली. "आधी मला समजावून सांग. कुठला टाकला तर काय हुतंय?"

ऋतुराजनं सांगितलं. फुगवटा रुंद असला की व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहतो. इंजिन जोरात फिरत असताना त्याचा फायदा, गाडी वर वर पळत राहते. पण इंजिन हळू फिरत असताना त्याच कॅमनं तिला धाप लागते, कारण आत आलेली हवा दाबली जायच्या आधीच निसटते. दुसरा एक कॅम मिळतो, त्याचा फुगवटा उंच पण अरुंद. तो खालीच जोर देतो. गाडी बैलासारखी ओढते, पण मोठ्या वेगाला गेलं की दमते.

"मग यात विचारायचं काय?" क्रांती म्हणाली. "दोन बायका, दोन भरलेल्या पेट्या, आणि पुढं ट्रक रांगत असतोय घाटात. मला ओढणारा पायजे. ऐंशीच्या वर मी जातच न्हाय."

"पण वहिनी, लोक वरचाच घालत्यात. आवाज पण भारी येतोय. ह्यो खालचा कुणी मागत न्हाय. मागवाय लागंल."

"मागव. मी थांबतो."

कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलतात, तशी ती बोलली. आणि तिच्या लेखी विषय संपला. जाताना तिनं पुन्हा एकदा ठासून सांगितलं, "खालच्या ओढीचा. कळलं न्हवं?"

"कळलं की वहिनी," ऋतुराज म्हणाला.

गाडी परत आली तेव्हा टकटक बंद झाली होती. पण उभ्या गाडीचं इंजिन पूर्वीसारखं एका तालात वाजत नव्हतं. अडखळत, कचरत वाजत होतं, आणि आवाज भरदार झाला होता. बाळासो अंगणात येऊन उभा राहिला आणि मान डोलावत म्हणाला, "आता वाटतीया गाडी!" क्रांतीनं ऋतुराजला फोन केला. तो म्हणाला, "नवीन पार्ट हाय वहिनी, सेट व्हायला वेळ लागतोय. जरा चालवा." गावात सिग्नलला दोनदा गाडी बंद पडली. क्रांतीनं तेही नव्या पार्टवर घातलं. कामाच्या माणसानं सांगितलेलं काम झालं असणार, असं धरूनच ती आजवर चालली होती. तिच्या स्वतःच्या कामात तिनं कधी कुणाला पन्हाळ्याचं तिकीट मागितल्यावर जयसिंगपूरचं दिलं नव्हतं.

जानेवारीत दोघी बहिणी विजयदुर्गला गेल्या. उतरताना काही त्रास झाला नाही. किल्ला बघितला, आक्कानं सुके बोंबील आणि कोकमं घेतली, पेट्या गच्च भरल्या. परत येताना करूळ घाट चढायचा होता. वरच्या अंगाला गगनबावड्यापर्यंत क्रांती आठवड्यातून कितीदा तरी बसनं येत होती, आणि हा घाटही तिनं याच गाडीवर अनेकदा चढलेला. कुठल्या वळणाला कितव्या गिअरमध्ये गाडी हसत चढते, हे तिच्या पायाला पाठ होतं.

पुढं चिऱ्यांनी भरलेला ट्रक रांगत होता. एका तीव्र वळणावर ट्रक जवळजवळ थांबलाच. क्रांतीनं गाडी पहिल्यात घेतली, क्लच सोडला, नेहमीएवढी मूठ पिळली. याआधी इथं गाडी गुरगुरत पुढं सरकायची. आज तिनं एक उचकी दिली, दुसरी दिली, आणि इंजिन बंद पडलं. चढ इतका की पुढचा ब्रेक धरूनही गाडी मागं घसरली. क्रांतीनं पाय टेकला, पण भरलेल्या पेटीचं आणि आक्काचं सगळं वजन दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूला गेलं, हेच काय ते नशीब. गाडी आडवी झाली. आक्कानं पडताना हात खाली टेकला. हाड मोडल्याचा आवाज क्रांतीनं हेल्मेटमधून ऐकला.

ट्रकवाला उतरला, मागून आलेल्या गाडीतली माणसं धावली. कुणीतरी गाडी उचलून कडेला लावली. आक्का रस्त्यावर बसली होती, उजवा हात मांडीवर धरून, चेहरा पांढराफटक. ओरडली नाही. "क्रांते, बोंबील सांडलं काय गं?" एवढंच म्हणाली. मग तिला घेरी आली.

हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून मनगटात धातूची पट्टी टाकली. आत तुकडे झाले होते. हाड जुळेल, असं ते म्हणाले, पण मनगट पूर्वीसारखं पूर्ण फिरेल असं सांगता येत नाही. क्रांतीनं विचारलं, "बारीक काम करती ती. चांदीचं." डॉक्टरांनी उत्तर दिलं नाही, नुसतं एक्स-रेच्या फिल्मकडं बघत राहिले. बाहेर आक्काची सून स्वप्नाली उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "मावशी, राग मानू नका. पण आमच्या आईंना आता परत गाडीवर न्यायचं न्हाय." क्रांतीनं मान हलवली. त्या पोरीवर तिला राग काढता आला नाही. जो राग होता, तो दुसरीकडं जायचा होता, आणि कुठं जायचा ते अजून तिला पक्कं कळलं नव्हतं.

टेम्पोतून गाडी ऋतुराजच्या दुकानात आली. क्रांती ड्युटीच्या खाकी कपड्यातच तिथं गेली. ऋतुराज दुकानात नव्हता. नईम होता, त्याच्याकडं काम करणारा मेकॅनिक, पस्तिशीचा, अबोल. क्रांती म्हणाली, "हेड उघड. कॅम बघायचाय मला."

नईमनं पाना हातात घेतला नाही. "ताई, उघडायची गरज न्हाय," तो खाली बघत म्हणाला. "त्यात वरच्या पळणीचा कॅम हाय. मीच बसवलाय."

क्रांतीचा आवाज खाली गेला. "खालचा मागवला हुता न्हवं?"

"मागवलाच न्हाय. हा दुकानात पडून हुता. मी मालकास्नी म्हटलो, ताईंनी दुसरा सांगितलाय. मालक म्हणालं, बसव."

"मालकाला म्हटलास. मला का न्हाय म्हटलास?"

नईमनं फडक्याला हात पुसले.

"गाडी न्यायला मी आलतो. तूच चावी दिलीस माझ्या हातात. चावी देताना तोंड हुतं न्हवं तुला? माझ्या बहिणीचं मनगट मोडलंय, नईम. घुंगरू लावती ती. आता चमचा धरता येईना तिला."

नईमच्या डोळ्यांत पाणी आलं. क्रांतीला त्या पाण्याचाही राग आला. आता रडून काय उपयोग, हे तिनं बोलून दाखवलं नाही, पण ती वळून दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली आणि ऋतुराजची वाट बघू लागली.

ऋतुराज आला तो दुरूनच हात जोडत. "वहिनी, कळलं मला. लई वाईट झालं. आक्का कशा हायत?"

"कॅम कुठला बसवलास?"

त्यानं नईमकडं बघितलं, नईमनं भिंतीकडं. ऋतुराज म्हणाला, "वहिनी, तो खालचा यायला लई वेळ लागणार हुता. आणि खरं सांगू? असल्या गाडीला तो शोभत न्हाय. मला वाटलं, तुम्हाला एकदा चालवल्यावर आवडंल."

"तुला वाटलं. मी काय सांगितलं हुतं?"

"मी असंच न्हाय बसवला की. विचारून बसवलाय!" तो एकदम बचावाला उभा राहिला. "तुमचा फोन लागत नव्हता, तुम्ही ड्युटीवर. म्हणून मी बाळासो साहेबास्नी फोन केला. साहेबच म्हणालं, टाक की भारीतला. तिला काय कळतंय, रंग विचारला असतास तर गोष्ट वेगळी."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. क्रांती पायरीवरून उठली.

"माझा फोन लागत नव्हता," क्रांती म्हणाली, आता इतक्या हळू की ऋतुराजला वाकावं लागलं. "मग संध्याकाळी लागला असता. दुसऱ्या दिवशी लागला असता. गाडी कुणाच्या नावावर हाय?"

"तुमच्या."

"घाटात कोण चालवतंय?"

"तुम्ही."

"मग त्याला का विचारलास? आणि मी फोन केला तवा 'सेट व्हायला वेळ लागतोय' म्हणालास. कॅम सेट हुतोय व्हय रे? फुगवटा काय रस्त्यावर झिजून अरुंद होणार हुता? तू शिकलायस. तुला म्हाईत हुतं. त्या दिवशी तूच मला सांगितलास, हळू फिरताना धाप लागती. तुझ्याच तोंडानं सांगितलास."

मग मात्र आवाज वर गेला. गगनबावड्याच्या गाडीत मागच्या बाकापर्यंत जाणारा तो आवाज काचेच्या दुकानात घुमला. शेजारच्या लेथवाल्यांनी मशिनी बंद केल्या. काय काय बोलली ती, ते सगळं इथं सांगण्यासारखं नाही. शेवटी ती म्हणाली, "गाडी अशीच ठेव. कॅम काढायचा न्हाय. उद्या येऊन मी घेऊन जातो." ऋतुराजला वाटलं, बाई पोलिसात जाणार. त्याचा चेहरा उतरला.

पण क्रांतीच्या डोक्यात वेगळंच होतं.

घरी तिनं बाळासोला काही विचारलं नाही. जेवायला वाढलं, भांडी घासली. बाळासोनं तिचा चेहरा बघून दोनदा "काय झालं?" म्हणून बघितलं, ती ओटा पुसत राहिली. रविवारी सकाळी तिनं दुकानातून आणलेल्या गाडीच्या दोन्ही पेट्यांत तांदळाची पोती कोंबली, आक्काचं हेल्मेट बाळासोच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "चला."

"कुठं?"

"पन्हाळ्याला. मी चालवतो, तुम्ही मागं बसायचं."

"मी? तुझ्या मागं?" तो हसायला गेला. मग तिचं तोंड बघून हसू विरलं. "अगं, लोक काय म्हणतील?"

"लोकांचं नंतर बघू. ऋतुराजला काय म्हणाला हुता ते आठवतंय?"

बाळासोच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. "अगं ते... सहज बोलायच्या ओघात..." तो पुटपुटला. "मला वाटलं, भारीतला म्हणजे चांगलाच असणार. तुझ्या गाडीलाच तर सांगितलं."

"बसा."

तो बसला. सगळी गल्ली बघत होती. पंचगंगेचा पूल ओलांडला, सपाट रस्त्यावर गाडी मस्त पळाली, आणि बाळासोला वाटलं, वाचलो. वाघबीळच्या पुढं चढ लागला. रविवार असल्यानं पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली होती, गोगलगायीसारखी सरकत. क्रांतीनं मुद्दाम पुढच्या मोटारीला अंतर दिलं नाही, घाटात ट्रकमागं राहावं लागतं तशी राहिली. पहिल्या वळणाला गाडीनं उचकी दिली. बाळासोचे हात तिच्या खांद्यावर आले. दुसऱ्या वळणाला इंजिन बंद पडलं आणि गाडी हातभर मागं आली.

"क्रांती! अगं पडतोय मी!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की पुढच्या मोटारीतल्या माणसांनी मागं वळून बघितलं.

या वेळी ती तयार होती. दोन्ही पाय रोवून तिनं गाडी धरली. "पडत न्हाय. मी धरलीया. आक्काच्या वेळी मला म्हाईत नव्हतं, म्हणून धरता आली न्हाय. उतरा आता."

तो उतरला. खाली दरी दिसत होती, आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

"अशी आक्का पडली," क्रांती म्हणाली. "असल्याच वळणाला. तुम्ही जिथं बसला हुता तिथं ती बसली हुती. रंग विचारला असता तर गोष्ट वेगळी, व्हय? रंग मीच निवडलेला. गाडी मी निवडली, कॅम मी निवडला. बरोबर निवडला हुता. ढकला आता."

आणि बाळासोनं ढकलली. तालमीत घुमलेला तो माणूस, मिशीतून घाम गाळत, चढावर बायकोची गाडी ढकलत होता आणि पर्यटक खिडक्यांतून फोटो काढत होते. क्रांतीला यात समाधान वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वळणाच्या पुढं जरा सपाट जागा आली तिथं तो खाली बसला आणि म्हणाला, "चुकलं माझं."

"चुकलं न्हाय," ती म्हणाली. "मला विचारायचं सुचलंच न्हाय, तुम्हाला न्हाय आणि त्यालाबी न्हाय. चूक करायला आधी विचार करावा लागतोय."

सोमवारी ती पुन्हा ऋतुराजच्या दुकानात गेली. ऋतुराज म्हणाला, मी सगळं फुकट करून देतो. ती म्हणाली, फुकटाचं राहू दे. आक्काच्या दवाखान्याचं तू बघायचंस, आणि माझा कॅम मी सांगेन तोच मागवायचास, कागद माझ्यासमोर भरून. आणि दारात गिऱ्हाइकासाठी ठेवलेली खुर्ची तिनं कामाच्या टेबलाशी ओढून घेतली.

मग पुन्हा सगळं पहिल्यापासून झालं. या वेळी ऋतुराजनं नीट विचारलं. दोघींचं मिळून वजन किती, पेट्या किती भरतात, चढावर इंजिन कितीवर फिरतं, उन्हाळ्यात गाडी तापते का. खालच्या ओढीच्या कॅममध्येही दोन प्रकार निघाले. एक जरा जास्त उंच फुगवट्याचा, त्याला व्हॉल्व्हच्या स्प्रिंगाही कडक लागायच्या. दुसरा मूळच्या कॅमपेक्षा थोडाच वेगळा. ऋतुराज म्हणाला, "पहिल्यात ओढ जास्त. दुसऱ्यात इंजिनाला आराम. माझं मत विचाराल तर..." आणि तो थांबला.

"सांग की. मत सांग. मत सांगायला मी बंदी घातली न्हाय," क्रांती म्हणाली. "ठरवणार मी."

"दुसरा. लांब जाता तुम्ही. वाटंत स्प्रिंग तुटली तर अवघड."

क्रांतीनं बराच वेळ विचार केला आणि दुसरा निवडला. तो त्यानं सांगितला म्हणून नव्हे. हंपीच्या वाटेवर पंक्चर काढायला माणूस मिळत नाही, स्प्रिंग कुठं मिळणार, हे तिला आठवलं म्हणून. कॅम आला तेव्हा तिनं रजा टाकली आणि दिवसभर त्या खुर्चीवर बसून राहिली. खोक्यावरचा नंबर तिनं स्वतः वाचला. नईमनं कॅम बसवताना प्रत्येक गोष्ट तिला दाखवून केली. शेवटी गाडी सुरू केली तेव्हा इंजिन एका तालात, जाड आवाजात वाजलं. नईमनं तिच्याकडं बघितलं. तिनं नुसती मान हलवली. "बरं केलंस," एवढंही ती म्हणाली नाही.

करूळ घाट ती एकटीच चढून आली. त्याच वळणावर मुद्दाम गाडी जवळजवळ थांबवली आणि मग मूठ पिळली. गाडी न उचकता, न कुरकुरता, बैल चिखलातून निघावा तशी वर निघाली. क्रांतीनं वर जाऊन गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढलं आणि रडली. आनंदानं नव्हे. एवढं सोपं होतं, म्हणून रडली. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. "जा की! रस्ता काय तुझ्या बापाचा हाय?" ती त्याच्या मागं ओरडली.

आक्काचं प्लास्टर निघालं, पण डॉक्टरांनी उत्तर दिलं नव्हतं तेच खरं ठरलं. मनगट अर्धंच फिरायचं. बारीक घुंगरांचं काम स्वप्नालीकडं गेलं. आक्का आता तयार पैंजण मोजून बांधायची आणि सुनेच्या चुका काढायची. क्रांती सुट्टीच्या दिवशी हुपरीला जायची, गाडीनंच, पण गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून. आक्कासमोर ती नको, म्हणून. तिच्या शेजारी बसून घुंगरू लावायचा प्रयत्न करायची आणि डाख सांडायची.

"कंडक्टरच बरी तू," आक्का म्हणायची. "आणि किती दिवस असं दात आवळून बसणार हायस? त्या ऋतुराजनं माझा दवाखाना केला. बाळासो येऊन पाया पडून गेला. मला न्हाय एवढा राग, तुला कशाचा हाय?"

"तुला न्हाय म्हणूनच मला हाय," क्रांती म्हणाली.

बाळासोबरोबर ती बोलत होती, घर चालू होतं. पण टपरीवर कुणी "वहिनींची गाडी कशी हाय?" म्हणून विचारलं तर बाळासो आता म्हणायचा, तिलाच विचारा. हे त्यानं घरी येऊन सांगितलं तेव्हा त्याला वाटलं होतं, ती हसेल. ती हसली नाही. भाजी परतत राहिली.

गुढीपाडवा होऊन गेल्यावर एका दुपारी क्रांती निघायला लागली तेव्हा आक्का तिच्या मागं गल्लीच्या तोंडापर्यंत आली. गाडीकडं बघत उभी राहिली. डावा हात सीटवर ठेवला, पुन्हा उचलला.

"जयसिंगपूरला मामाच्या घरी साखरपुडा हाय," ती म्हणाली. "स्वप्नाली यष्टीनं जाणार. मला यष्टीत मळमळतंय."

क्रांतीनं सीटवरची धूळ हातानं पुसली.

"घाट न्हाय न्हवं त्या वाटंला?"

"एक चढ न्हाय आक्का. सगळा सपाट रस्ता."

"मग हळू चालव. आणि ओरडू नकोस कुणावर," आक्का म्हणाली, आणि चांगल्या हातानं क्रांतीचा खांदा धरून, जरा धडपडत, मागं बसली. उसाच्या गाड्यांमधून वाट काढत दोघी निघाल्या. त्या सरळ रस्त्यावर कुठलाही कॅम चालला असता. आक्कानं जयसिंगपूरपर्यंत खांदा सोडला नाही, आणि क्रांतीनंही एकदासुद्धा मूठ जोरात पिळली नाही.